मांजरीला घाई, लॅब्राडॉरला धीर

पिल्लू घरी आलं की लसीच्या दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला प्रश्न निघतोच: नसबंदी कधी करायची? उत्तर बहुधा एका आकड्यात मिळतं, सहा महिने. तोवर लसी झालेल्या असतात, भूल सोसण्याइतकं वजन भरलेलं असतं आणि बऱ्याच माद्यांचा पहिला माज अजून यायचा असतो. आकडा सोयीचा आहे, यात शंका नाही. पण मांजरीसाठी तो उशिराचा ठरतो आणि मोठ्या जातीच्या कुत्र्यासाठी बरेचदा लवकरचा.

मांजराचं आधी उरकू, कारण तिथे फारसा वाद नाही. भाटी चौथ्या महिन्यातही माजावर येऊ शकते. ती लोळते, मागचा भाग उचलून शेपूट बाजूला घेते, रात्रभर ओरडते. पोटात दुखतंय असं वाटून लोक तिला दवाखान्यात घेऊन येतात. मांजरीचं बीज समागमानंतरच सुटतं, त्यामुळे बोका भेटला नाही तर दोन-तीन आठवड्यांत तोच प्रकार पुन्हा. हे चक्र दिवसाच्या लांबीवर चालतं. आपल्याकडे हिवाळ्यातही दिवस फार आखडत नाही, त्यात घरातले दिवे रात्री उशिरापर्यंत चालू, म्हणून माज जवळपास वर्षभर येत राहतो. गाभणकाळ 63 ते 65 दिवसांचा, आणि पिल्लं अंगावर पीत असतानाच ती परत गाभण राहू शकते. एका वेताची भावंडं एकत्र वाढत असतील तर नात्याचा अडसर त्यांना नसतो. म्हणून भाटी असो वा बोका, पाच महिने पुरे व्हायच्या आत शस्त्रक्रिया करावी. स्तनातली गाठ मांजरीत बहुतेकदा कर्करोगाचीच निघते. 2005 सालच्या एका अमेरिकी अभ्यासात सहा महिन्यांआधी नसबंदी झालेल्या मांजरींत हा धोका 91 टक्क्यांनी कमी दिसला.

कुत्र्यात गणित बदलतं ते हाडांमुळे. लांब हाडांच्या टोकांशी कूर्चेची एक पातळ चकती असते, तिथे हाड वाढतं. वयात आल्यावर इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन ही लैंगिक संप्रेरकं त्या चकतीची वाढ बंद करतात. अंडाशय किंवा वृषण त्याआधीच काढले तर हाड ठरल्यापेक्षा थोडं जास्त वाढतं आणि सांध्याचे कोन बदलतात. छोट्या पॉमेरियनला त्याचा फारसा फरक पडत नाही. 30 किलोचा भार गुडघ्यावर पेलणाऱ्या कुत्र्याला पडतो. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या संशोधकांनी 2013 साली 759 गोल्डन रिट्रीव्हरांच्या नोंदी तपासल्या. वर्षाच्या आत नसबंदी झालेल्या नरांपैकी 10 टक्क्यांना खुब्याचा दोष होता, नसबंदी न झालेल्यांच्या दुप्पट. गुडघ्याचं लिगामेंट, म्हणजे हाडं जोडून ठेवणारा पट्टा, तुटण्याचं प्रमाण लवकर नसबंदी झालेल्या नरांत 5 आणि माद्यांत 8 टक्के होतं; नसबंदी न झालेल्यांत एकही नाही. लॅब्राडॉरमध्ये फरक सौम्य होता. संकरित कुत्र्यांत सांध्यांचा हा धोका साधारण 20 किलोच्या पुढे दिसतो. त्यामुळे जातीपेक्षा आधी विचारावं, मोठं झाल्यावर वजन किती होईल?

नराचा निर्णय त्यामुळे सोपा: भारी वजनाचा असेल तर वर्ष-सव्वा वर्ष थांबा. एक वृषण पोटातच राहिलेला असेल तर मात्र हाडं भरली की लगेच करा, कारण अशा वृषणात गाठ होण्याचा धोका कित्येक पटींनी जास्त असतो. नसबंदीने भटकणं आणि इतरांच्या अंगावर चढणं यांत फरक पडतो. भीतीपोटी चावणारा कुत्रा मात्र नसबंदीने शांत होईलच असं नाही.

मादीत ओढाताण खरी. थांबलं तर सांधे सावरतात, पण प्रत्येक माजागणिक स्तनातल्या गाठींचा धोका वाढतो. इथे 1969 सालच्या एका अभ्यासाचा 0.5, 8 आणि 26 टक्क्यांचा आकडा (अनुक्रमे पहिल्या माजाआधी, एका माजानंतर आणि दोन किंवा जास्त माजांनंतर नसबंदी) हमखास फेकला जातो आणि बहुतेकदा चुकीचा वाचला जातो. पहिल्या माजानंतर नसबंदी केली तर 100 पैकी 8 कुत्र्यांना गाठ होते, असा त्याचा अर्थ नाही; नसबंदी न झालेल्या मादीच्या धोक्याच्या तुलनेत 8 टक्के, असा आहे. 2012 साली या विषयावरचे सगळे अभ्यास तपासले तेव्हा तो पुरावाही कमकुवत निघाला. गर्भाशयात पू होणं, म्हणजे पायोमेट्रा, याबद्दल मात्र दुमत नाही. माजानंतर महिना-दोन महिन्यांनी कुत्री फार पाणी पिऊ लागली, खाईना, ओकू लागली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. स्राव दिसलाच पाहिजे असं नाही. तोंड बंद असलेलं गर्भाशय जास्त धोक्याचं.

थांबायचं ठरलं तर रक्ताचा पहिला थेंब दिसला ती तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा. माज चालू असताना रक्तवाहिन्या फुगलेल्या असतात, ऊती नाजूक, रक्तस्राव जास्त. माज सरल्यावर सुमारे दोन महिने प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं संप्रेरक, चढलेलं असतं. तेव्हा अंडाशय काढले तर ते एकदम कोसळतं, दूध आणणारं प्रोलॅक्टिन वाढतं आणि कुत्रीला दूध येऊन ती चपला-बाहुल्या कुशीत घेऊन बसते. म्हणून माजानंतर तीनेक महिन्यांनी. ‘एकदा तरी वेत होऊ द्या’ या सल्ल्याला आरोग्याचा काडीचाही आधार नाही.

गावठी कुत्रीचं वेळापत्रक आपल्या पंचांगातच आहे. भाद्रपद आणि कुत्री ही जोडी मराठीत टोमण्यापुरती उरली असली तरी निरीक्षण पक्कं आहे: पावसाळ्याच्या अखेरीस माज, 63 दिवसांनी थंडीत पिल्लं. मार्गशीर्षात जन्मलेली कुत्री आषाढात सात महिन्यांची होते. अंग बेताचं असेल तर नसबंदीला तोच महिना धरावा, श्रावण उलटू देऊ नये.

शस्त्रक्रियेआधी मोठ्या कुत्र्याला सहा-आठ तास उपाशी ठेवतात. मांजरीच्या पिल्लाला इतकं ठेवलं तर साखर उतरते, त्याला दोन-चार तास पुरे. नंतर दहा-बारा दिवस, जखम चाटू नये म्हणून घातलेला गळ्यातला शंकूसारखा कोन काढू नका, आंघोळ घालू नका. दुखतंय म्हणून घरातली पॅरासिटामॉल मांजरीला कधीच नाही, एक गोळीही जीव घेऊ शकते. नर घरी आला तरी साठलेले शुक्राणू महिनाभर तरी कामाचे असतात, तोवर मादीपासून वेगळा. आणि टाके सुकले की वाडग्यातला चौथा हिस्सा कमी करा, कारण भूक वाढते आणि शरीराची गरज घटते.