रात्रीच्या स्कॅनला लॅपटॉप दिसत नाहीत

नेटवर्क स्कॅन रात्री लावायचा, हे आयटी विभागात कुणाला शिकवावं लागत नाही. रात्री लाइन मोकळी असते, लोक नसतात, काही बिघडलंच तर सकाळपर्यंत निस्तरता येतं. मुंबईतल्या ऑफिसांत तर हे लगेच पटतं, कारण दिवसा नेटवर्क दोन मिनिटं मंदावलं तरी फोन खणखणायला लागतात. पण या स्कॅनचं काम काय, तर ऑफिसच्या नेटवर्कला कोणकोणती उपकरणं जोडलेली आहेत याची यादी करणं. आणि रात्री दोन वाजता केलेली यादी ही रात्री दोन वाजता तिथे हजर असलेल्यांचीच यादी असते. सर्व्हर, राउटर, स्विच, सीसीटीव्ही कॅमेरे, दाराशेजारचं हजेरीचं मशीन, छतातले वायफायचे ॲक्सेस पॉइंट. लॅपटॉप तेव्हा विरारला, बदलापूरला, पनवेलला कुणाच्या तरी सॅकमध्ये बंद पडलेले असतात. आणि बाहेरून काही चिकटून येण्याचा धोका नेमका त्यांनाच जास्त.

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात बिबटे मोजणाऱ्यांना हा घोळ नीट माहीत आहे. बिबट्या बहुतांशी रात्री फिरतो. कॅमेरे फक्त दिवसा चालू ठेवले तर जंगलात बिबटे जवळपास नाहीतच, असा निष्कर्ष निघेल, आणि तो निष्कर्ष कॅमेऱ्याबद्दल असेल, बिबट्यांबद्दल नव्हे. शिवाय पायवाटेवर कॅमेरे समोरासमोर जोडीने लावावे लागतात. बिबट्याची ओळख त्याच्या ठिपक्यांवरून पटते आणि डाव्या कुशीवरचे ठिपके उजव्या कुशीवरच्यांशी जुळत नाहीत. एकदा डावी बाजू टिपली आणि एकदा उजवी, तर एकच बिबट्या यादीत दोनदा चढतो. या दोन्ही अडचणी नेटवर्कवर जशाच्या तशा येतात.

आधी स्कॅनला काही ‘दिसतं’ म्हणजे काय ते पाहू. सगळ्यांना माहीत असलेली पद्धत म्हणजे पिंग. माइक म्यूस या अमेरिकी प्रोग्रामरने डिसेंबर १९८३ मध्ये ती लिहिली आणि पाणबुड्या शोधणाऱ्या सोनारच्या आवाजावरून तिला नाव दिलं. एका पत्त्यावर छोटा संदेश पाठवायचा आणि उलट उत्तर येतं का पाहायचं. अडचण अशी, की उत्तर देणं न देणं समोरच्याच्या मर्जीवर आहे, आणि विंडोजचा फायरवॉल, म्हणजे बाहेरचे संदेश अडवणारा पहारेकरी, बऱ्याचदा पिंगला उत्तर देऊच देत नाही. यंत्र सुरू असतं, काम करत असतं, आणि यादीत मात्र नसतं.

त्याहून भरवशाची पद्धत एआरपी, १९८२ सालची. त्यात सगळ्या नेटवर्कला उद्देशून पुकारा होतो: १०.२०.४.३७ हा पत्ता कुणाचा? ज्याचा असेल त्याने आपला मॅक ॲड्रेस, म्हणजे नेटवर्क कार्डाचा क्रमांक, कळवावा. इथे गप्प बसण्याची सोय जवळपास नाही, कारण या पुकाऱ्याला उत्तर न देणाऱ्या यंत्राशी त्या नेटवर्कवर कुणालाच बोलता येत नाही. मात्र हा पुकारा राउटर, म्हणजे दोन नेटवर्क जोडणारं यंत्र, ओलांडत नाही. लोअर परळच्या ऑफिसात बसलेल्या स्कॅनरला अंधेरीच्या शाखेत पुकारा करता येत नाही. त्यासाठी अंधेरीत, तेही तिथल्या प्रत्येक सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या प्रत्येक तुकड्यात, आपला एक छोटा स्कॅनर ठेवावा लागतो. हा खर्च टाळून दुरूनच पिंग मारत बसलेली ऑफिसं पुष्कळ आहेत. त्यांच्या यादीवर माझा फारसा विश्वास नाही.

आता वेळेचा हिशेब. स्कॅनमध्ये सगळ्यात महाग पडतात ते रिकामे पत्ते. यंत्र असेल तर उत्तर काही मिलिसेकंदांत येतं, नसेल तर स्कॅनर वाट बघत बसतो. ६५,५३६ पत्त्यांचं नेटवर्क असेल आणि प्रत्येक गप्प पत्त्यासाठी २ सेकंद थांबायचं ठरवलं, तर एकामागून एक जाताना साधारण ३६ तास लागतात. एकावेळी १०० पत्ते घेतले तर २२ मिनिटं. म्हणजे रोजचा स्कॅन लावायचा आणि तो दीड दिवस चालणार, हे अगदी शक्य आहे. क्रॉनसारख्या वेळापत्रकाला पहिला संपला की नाही याच्याशी देणंघेणं नसतं, तो वेळ झाली की दुसरा सुरू करतो. मग दोन स्कॅन एकमेकांच्या अंगावर, आणि ‘नेटवर्क आजकाल फार स्लो झालंय’ ही तक्रार. सुरू होताना एक कुलूप-फाइल ठेवायची, ती असेल तर नवा स्कॅन थांबवायचा, एवढा साधा उपाय आहे.

पण म्हणून घाई करून एकदम हजार पत्ते ठोकायचे असंही नाही. फायरवॉलमधून जाणारा प्रत्येक प्रयत्न त्याच्या तक्त्यात एक नोंद अडवून ठेवतो, आणि तो तक्ता भरला की खऱ्या कामाच्या जोडण्या नाकारल्या जातात. शिवाय काही यंत्रं मुळातच नाजूक असतात. नेटवर्क प्रिंटरचं उदाहरण घ्या. बरेच प्रिंटर ९१०० क्रमांकाच्या पोर्टवर, म्हणजे संदेश आत घेण्याच्या एका ठरावीक दारावर, जे येईल ते छापतात, विचारपूस करत नाहीत. स्कॅनर त्या पोर्टवर ‘तू कोण आहेस’ हे ओळखण्यासाठी वेगवेगळे प्रश्न पाठवतो आणि प्रिंटर ते प्रश्न इमानेइतबारे कागदावर उतरवतो. सकाळी अकाउंट्सवाले येतात तर ट्रेमध्ये पानांची चळत, बहुतेक पानांवर अगम्य अशी एकच ओळ, आणि ‘प्रिंटरला व्हायरस लागला’ अशी बोंब. एनमॅप हा १९९७ पासून वापरात असलेला स्कॅनर म्हणूनच अशी ओळखपरेड घेताना ९१०० ते ९१०७ ही पोर्टं मुद्दाम वगळतो.

कारखान्यात नुकसान कागदावर भागत नाही. अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेच्या औद्योगिक नियंत्रण यंत्रणांवरच्या मार्गदर्शिकेत दोन प्रसंग दिलेत. एका ठिकाणी साधा पिंग-स्कॅन चालू असताना नऊ फुटी यांत्रिक हात अचानक जागा झाला आणि १८० अंशांत फिरला. त्याचा नियंत्रक त्याआधी स्टँडबायवर होता. दुसऱ्या ठिकाणी, निव्वळ यादी करण्यासाठी लावलेल्या स्कॅनने चिप बनवणारी यंत्रणा अडकली आणि ५०,००० डॉलरच्या वेफर, म्हणजे चिपसाठीच्या चकत्या, वाया गेल्या. मुख्य ऑफिस मुंबईत आणि प्लांट महापे-तुर्भ्याला, असं असेल तर मुंबईच्या स्कॅनचा हात तिकडे पोचतो का, हे पहिल्यांदा बघायला हवं. तिथे प्रश्न विचारायचेच नाहीत. स्विचवरून जाणारी वाहतूक नुसती ऐकायची आणि कोण कुणाशी बोलतंय त्यावरून यादी करायची.

‘रिकामी वेळ’ शोधणंही या शहरात वाटतं तितकं सोपं नाही. दलालीच्या ऑफिसात शेअर बाजाराची ९:१५ ते ३:३० ही वेळ टाळायची, हे कुणीही सांगेल. पण तीच मंडळी कमोडिटीतही असतील तर एमसीएक्स या वायदेबाजारात रात्री ११:३० पर्यंत सौदे चालतात, आणि अमेरिकेतली घड्याळं हिवाळ्यात मागे गेली की ११:५५ पर्यंत. म्हणजे रात्री पावणेबाराचा निर्धोक स्कॅन नोव्हेंबरात आपोआप धोक्याचा होतो. लक्ष्मीपूजनाच्या सुट्टीला मोठा स्कॅन उरकून घेऊ म्हणावं, तर त्याच दिवशी मुहूर्ताच्या सौद्यांसाठी बाजार तासाभरासाठी उघडतो. रात्री एक-दोनच्या सुमाराला सगळ्यांचे बॅकअप. आणि सर्व्हरचं घड्याळ यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेवर, असेल तर पहाटे चारला लावलेला स्कॅन मुंबईत साडेनऊला सुरू होतो, बाजार उघडल्यावर बरोबर पंधरा मिनिटांनी. हे साडेपाच तास फार लोकांना छळतात.

इथे माझं म्हणणं असं, की रात्रीचा आग्रह मुळात दोन वेगळी कामं एकत्र केल्यामुळे येतो. कोण हजर आहे हे पाहणं हे एक काम, आणि हजर असलेल्याची झडती घेणं हे दुसरं. झडती जड असते: हजारो पोर्टं तपासायची, लॉगइन करून सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या विचारायच्या. तिला ठरवून दिलेली वेळ हवीच. हजेरी मात्र अगदी हलकी. २५४ पत्त्यांच्या सबनेटमध्ये एकेकदा एआरपीचा पुकारा करायचा तर सगळे मिळून १६ किलोबाइटच्या आसपास जातात. व्हॉट्सॲपवर आलेला सुप्रभातचा फोटो त्याहून जड असतो. ही हजेरी भर दुपारी, दर तासाला घेतली तरी कुणाला कळणार नाही.

आणि ती दिवसाच का घ्यायची, याचं कारण गणितात आहे. समजा विक्री विभागातला एक लॅपटॉप कुठल्याही स्कॅनच्या वेळी नेटवर्कवर असण्याची शक्यता एक तृतीयांश आहे. म्हणजे एका स्कॅनमधून तो निसटण्याची शक्यता दोन तृतीयांश, लागोपाठ दोन्हींतून निसटण्याची चार नवमांश. सात स्कॅन झाले की सातही वेळा निसटण्याची शक्यता जेमतेम ६ टक्के उरते. अर्धवट नजरेचेच स्कॅन, पण सात मिळून चांगली यादी देतात. मात्र हा गुणाकार करता येतो तो स्कॅन एकमेकांपासून स्वतंत्र असतील तरच. रोज रात्री दोनला स्कॅन लावला तर त्या वेळी लॅपटॉप असण्याची शक्यता शून्य, आणि सात काय, सातशे स्कॅन केले तरी शून्यच. अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने, सीसाने, २०२२ मध्ये तिथल्या सरकारी खात्यांना दर ७ दिवसांनी उपकरणं शोधण्याचा आदेश दिला. आपल्याकडेही ऑडिटवाले ‘किती दिवसांनी’ हेच विचारतात. ‘किती वाजता’ हे विचारणारा ऑडिटर दुर्मीळ.

आता ठिपक्यांचा प्रश्न. एकाच लॅपटॉपला वायफायचा एक मॅक ॲड्रेस असतो, केबलचा दुसरा. टेबलावरच्या डॉकला, म्हणजे लॅपटॉप जोडायच्या डबीला, केबल लावली तर डॉकचा स्वतःचा तिसरा, आणि तो डॉक सकाळी एकाच्या, दुपारी दुसऱ्याच्या लॅपटॉपला चिकटलेला. आयपी पत्त्यावर तर अवलंबून राहूच नये; डीएचसीपीने, म्हणजे पत्ते आपोआप वाटणाऱ्या यंत्रणेने, आठ तासांसाठी दिलेला पत्ता संध्याकाळी भलत्याच यंत्राकडे असू शकतो. ॲन्ड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला वेगळा, बनावट मॅक ॲड्रेस दाखवतात. म्हणून ओळख पटवायची ती यंत्राचा सीरियल क्रमांक, होस्टनेम म्हणजे त्याला दिलेलं नाव, अशा खुणा एकत्र करून, आणि तरीही शंका राहिली तर दोन नोंदी जोडण्यापेक्षा वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या. एकत्र केलेलं सोडवणं फार किचकट होतं.

मग न दिसलेली किती असतील? डॅनिश जीवशास्त्रज्ञ पीटरसन यांनी १८९६ मध्ये माशांच्या अभ्यासात मांडलेली युक्ती इथे चालते, आणि तिचीच सुधारित रूपं बिबट्यांसाठी वापरतात. समजा स्कॅनमध्ये १८० उपकरणं मिळाली, डीएचसीपीच्या आठवड्याच्या नोंदींत १५०, आणि दोन्हींत सामाईक १३५. डीएचसीपीतल्या १५० पैकी १३५ स्कॅनला दिसली, म्हणजे स्कॅनची नजर ९० टक्के. मग १८० हे एकूणच्या ९० टक्के धरले तर एकूण २००. दोन्ही याद्या जोडून आपल्याला माहीत आहेत १९५. पाच कुठेतरी आहेत. हा आकडा अंदाजाचा आहे आणि हाताने कायमचा पत्ता दिलेले कॅमेरे डीएचसीपीत कधीच येत नसल्याने तो थोडा वाकतोही. तरी ‘आमची यादी पूर्ण आहे’ या छातीठोक विधानापेक्षा तो कितीतरी प्रामाणिक.

ही पाच उपकरणं शोधण्याची निकड नियमांमुळेही वाढली आहे. सर्ट-इन या भारत सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना कळल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि लॉग, म्हणजे यंत्रांनी ठेवलेल्या नोंदी, १८० दिवस जपावे लागतात. कुठलं यंत्र कुठल्या मजल्यावर आहे हे शोधण्यातच त्या सहा तासांतले चार गेले, तर कळवणार काय? त्याच निर्देशांतल्या यादीत महत्त्वाच्या यंत्रणांचं कुणी केलेलं स्कॅनिंग हीसुद्धा कळवण्याजोगी घटना आहे. तेव्हा आपला स्कॅनर कुठल्या पत्त्यावरून, किती वाजता बोलतो, हे सुरक्षा विभागाला आधी लिहून द्यावं. फक्त त्याला ‘आपलाच आहे’ म्हणून सरसकट सूट देऊ नये. सगळ्या यंत्रांचे पासवर्ड बाळगणारा आणि कुणी न अडवणारा स्कॅनर चोराला हवाच असतो.

आयपीव्ही६, म्हणजे नेटवर्कच्या पत्त्यांची नवी आणि लांबलचक पद्धत, आलं की मात्र एकेक पत्ता ठोठावण्याची पद्धतच मोडते. त्यातल्या एका साध्या सबनेटमध्ये २ चा ६४ वा घात इतके पत्ते असतात. सेकंदाला १० लाख तपासले तरी एक फेरी पुरी व्हायला सुमारे ५,८०,००० वर्षं. तिथे राउटरलाच विचारावं लागतं, की सध्या तुझ्या शेजार-तक्त्यात, म्हणजे नुकत्याच बोललेल्या यंत्रांच्या यादीत, कोण आहे. त्यातल्या नोंदी फार काळ टिकत नाहीत, त्यामुळे त्या दर काही मिनिटांनी उचलून ठेवायच्या. किंवा उलट बाजूने जायचं: यंत्राने नेटवर्कवर पाऊल ठेवून पत्ता मागितला की त्याच क्षणी त्याची नोंद आणि झडती, मग घड्याळात दुपारचे बारा असोत की रात्रीचे दोन.