फ्लेमिश की रॅट-ट्रॅप? आधी हेडर बघा

दक्षिण इंग्लंडमध्ये, हॅम्पशायर, बर्कशायर, केंट या भागांत, जमीनदारांनी व्हिक्टोरियन काळात इस्टेटीवरच्या मजुरांसाठी विटांची कॉटेजेस बांधली. त्यांत फ्लेमिश आणि रॅट-ट्रॅप या दोन बॉन्डच्या, म्हणजे विटा रचण्याच्या पद्धतींच्या, भिंती सापडतात आणि लांबून त्या जुळ्या वाटतात: प्रत्येक थरात एक लांब तोंड, एक आखूड तोंड, पुन्हा लांब. जाडीही दोन्हींची ९ इंचच.

फरक कळतो आखूड तोंडावरून, म्हणजे हेडरवरून. फ्लेमिश बॉन्डमध्ये वीट निजवलेली असते, त्यामुळे हेडर आडवा दिसतो. रॅट-ट्रॅपमध्ये वीट कडेवर उभी करतात, म्हणून हेडर उभा आणि अरुंद दिसतो, तर स्ट्रेचर, म्हणजे लांब तोंड, साडेचार इंच उंचीचा, थोराड. शंका राहिलीच तर टेप लावा. सांध्यांसह चार थर फ्लेमिशमध्ये साधारण १२ इंच भरतात, रॅट-ट्रॅपमध्ये १८ च्या जवळपास. मात्र माप कोपऱ्यापाशी किंवा पायाजवळ घेऊ नका. तिथे रॅट-ट्रॅपची भिंतही बऱ्याचदा भरीव असते. चारही बाजू पाहा, कारण पुढे फ्लेमिश आणि मागे रॅट-ट्रॅप असेही आढळते.

रॅट-ट्रॅपमध्ये दोन स्ट्रेचर समोरासमोर उभे राहतात, मधे सुमारे ३ इंच पोकळी उरते आणि हेडर ती आरपार ओलांडतो. आजच्या ब्रिटिश विटेच्या मापाने हिशेब केला तर चौरस मीटरला फ्लेमिशला जवळपास ११९ विटा लागतात, रॅट-ट्रॅपला ८९. पाव भाग विटा वाचतात. मजुरांच्या घरांना ही पद्धत का वापरली, ते यातच आले. वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी केरळात रुजवली ती हीच.

पण पोकळी आहे म्हणून तिला आधुनिक कॅव्हिटी वॉल समजणे, ही सर्वांत महागात पडणारी चूक. कॅव्हिटी वॉलमध्ये दोन स्वतंत्र भिंती फक्त धातूच्या टायने (बारीक जोडपट्ट्यांनी) जोडलेल्या असतात. रॅट-ट्रॅपमध्ये प्रत्येक हेडर म्हणजे बाहेरून आत पाणी नेणारा पूल. पोकळीत इन्सुलेशन (उष्णतारोधक भराव) फुंकले तर ते हेडरांमुळे सलग बसत नाही, ओलावा मात्र धरून ठेवते. ओल रोखायला भिंतीत भोके पाडून रसायन सोडले, तर ते पोकळीत गळून जाते. स्वयंपाकघरातले जड कपाट टांगताना ड्रिल ३ इंचांनंतर एकदम सैल आत जाते. तिथे लांब प्लग धरत नाही. फ्लेमिशच्या भरीव भिंतीत यातली पोकळीची अडचण येत नाही.

दर्जा, म्हणजे विटांमधले सांधे, भरताना मात्र दोघींना एकच नियम: चुनाच वापरा. घट्ट सिमेंटमुळे ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, ती विटेतून वाट काढते आणि थंडीत गोठली की विटेचे तोंड पापुद्र्यासारखे सुटते. जुना मसाला सांध्याच्या रुंदीच्या दुप्पट खोल, हातछिन्नीने काढा. ग्राइंडरने विटेची कड एकदा कापली गेली की ती परत येत नाही.