सावली कुणाची? डिजिटल स्क्रॅपबुकिंगच्या मागची कात्रणवही

डिजिटल स्क्रॅपबुकिंग म्हणजे फोटो, शोभेच्या वस्तू आणि चार ओळी कॉम्प्युटरवर मांडून आठवणींची पानं बनवणं. ते शिकायला बसलेल्या माणसाला पहिल्याच तासात काही कोडी पडतात. पान चौरसच का, आणि तेही १२ इंचांचंच का? स्क्रीनवरच्या फोटोला खोटी सावली कशाला द्यायची? कागदाचा फाटका काठ, शिवणीचे टाके, कोपऱ्यात टोचलेली टाचणी, असल्या वस्तू फाइल म्हणून उतरवून घ्यायच्या आणि ज्याला हातही लावता येत नाही अशा पानावर ‘चिकटवायच्या’, हा काय प्रकार? सॉफ्टवेअरची माहितीपुस्तिका यावर गप्प असते. उत्तरं कात्री आणि डिंकाच्या काळात आहेत.

सुरुवात फोटोच्या कितीतरी आधीची. युरोपात छापील पुस्तकं रुळली तशी वाचणारी माणसं आवडलेले उतारे, कविता, औषधांच्या कृती असं काहीबाही एकाच वहीत उतरवून ठेवू लागली. वही फुगली की हवं ते सापडेना. जॉन लॉक या तत्त्वज्ञाने त्यावर सूचीची एक पद्धत काढली. ती १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये छापली गेली आणि १७०६ मध्ये इंग्रजीत आली. विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्यानंतर येणारा पहिला स्वर, अशा जोडीखाली नोंद टाकायची. फोटोंना टॅग लावताना आपण जी डोकेफोड करतो, ती तेव्हाही होतीच.

मग चिकटवण्याचं वेड आलं. जेम्स ग्रेंजरने १७६९ मध्ये इंग्लंडच्या इतिहासातल्या व्यक्तींचा चरित्रग्रंथ काढला. हौशी वाचक त्यात बाहेरून मिळवलेली व्यक्तिचित्रं घालून तो नव्याने बांधून घेऊ लागले. काहीजण त्यासाठी दुसरी चांगली पुस्तकं फाडत, त्यामुळे या छंदाला शिव्याही भरपूर मिळाल्या.

स्क्रॅप म्हणजे कपटा, पण एकोणिसाव्या शतकात या शब्दाला वेगळाच रंग चढला. रंगीत शिळाछापाचं तंत्र स्वस्त झालं आणि फुलं, पक्षी, देवदूत, मुलांचे चेहरे अशी छोटी चित्रं तावांवर छापून विकली जाऊ लागली. जर्मनीतून ती मोठ्या प्रमाणावर येत. चित्रं आकारानुसार आधीच कापलेली, किंचित उठावाची, आणि बारीक कागदी पट्ट्यांनी एकमेकांना जोडलेली असत. पट्टी कापायची, चित्र सोडवायचं, वहीत लावायचं. आज नवशिक्याला ‘किट’ नावाचं जे गाठोडं मिळतं, त्यातले ‘एलिमेंट’ या तावाचेच वंशज. दुसऱ्याने बनवलेल्या सुट्या शोभेच्या वस्तू आपल्या आठवणीभोवती मांडायच्या, ही कल्पना तेव्हापासूनची आहे. त्यामुळे तयार किट वापरणं म्हणजे फसवणूक, असं मनात आलं तर ते खुशाल झटकून टाकावं.

या नादात अमेरिकी लेखक मार्क ट्वेनही होता. डिंकाच्या चिकचिकीला वैतागून त्याने आधीच गोंद लावलेल्या पानांची वही शोधून काढली आणि १८७३ मध्ये तिचं पेटंट घेतलं. पानावरचा पट्टा ओला करायचा आणि कात्रण दाबायचं, बस्स.

फोटो घराघरात शिरले ते १८८८ च्या कोडॅक कॅमेऱ्यामुळे. शंभर फोटोंची फिल्म आत भरलेली, आणि ती संपली की कॅमेराच्या कॅमेरा कारखान्यात पाठवायचा. १९०० मध्ये १ डॉलरचा ब्राउनी कॅमेरा आला आणि मुलंसुद्धा फोटो काढू लागली. वहीचा मुक्काम कात्रणांवरून फोटोंवर हलला. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पानावर चिकट पट्टे आणि वर पारदर्शक प्लास्टिक असलेले अल्बम आले. त्यांना ‘मॅग्नेटिक’ म्हणत, पण चुंबकाचा त्यात अंशही नव्हता. होता तो गोंद, आणि तो काही वर्षांत पिवळा पडे. फोटो सोडवायला जावं तर पाठीमागचा कागद सोलून येई. आमच्या घरच्या एका अल्बममधला एक फोटो आजही प्लास्टिकसकटच पाहावा लागतो.

आधुनिक स्क्रॅपबुकिंग फोटो खराब होण्याच्या याच भीतीतून जन्मलं. अमेरिकेच्या युटा राज्यात मॉर्मन पंथाच्या लोकांत वंशावळ आणि कौटुंबिक नोंदी जपण्याला मोठं महत्त्व आहे. तिथल्या मेरीलेन क्रिस्टेन्सन यांनी आपल्या कुटुंबाचे अल्बम १९८० मध्ये सॉल्ट लेक सिटीत भरलेल्या जागतिक नोंद-परिषदेत मांडले. लोकांचा प्रतिसाद पाहून पुढच्याच वर्षी त्यांच्या कुटुंबाने या साहित्याचं दुकान काढलं. १९८७ मध्ये क्रिएटिव्ह मेमरीज ही कंपनी सुरू झाली आणि घरोघरी बैठका भरवून अल्बम विकू लागली. ‘आम्लमुक्त कागद’ हा शब्द गृहिणींच्या तोंडी बसला. आम्लामुळे कागद पिवळा पडून ठिसूळ होतो, हे एरवी ग्रंथालयवाल्यांचं ज्ञान.

१२ बाय १२ इंचांचं पान रूढ झालं ते याच लाटेत. साडेआठ बाय अकराही चाले, पण चौरसाने बाजी मारली. का, ते मोजून पाहा. ४ बाय ६ इंचांचे चार उभे फोटो दोन-दोन करून लावले की ८ बाय १२ जागा जाते आणि बाजूला ४ इंचांचा उभा पट्टा मोकळा राहतो. शीर्षक आणि चार ओळी लिहायला एवढा पट्टा पुरतो.

हा सगळा संसार कॉम्प्युटरवर हलवायला कुणी मुद्दाम यंत्र घडवलं नाही. फोटोशॉप १९९० मध्ये आलं ते फोटो सुधारण्यासाठी. त्यात ‘लेयर’ची, म्हणजे एकावर एक थर रचण्याची, सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत झाली, आणि कागदावर कागद ठेवण्याची जुनी रीत स्क्रीनवर शक्य झाली. तरी एक अडचण उरलीच. जेपीईजी फाइलमध्ये पारदर्शकता नसते, त्यामुळे स्कॅन केलेलं बटण पांढऱ्या चौकटीसकट येतं. जिआयएफ या दुसऱ्या प्रकारच्या फाइलमध्ये चित्राचा प्रत्येक ठिपका (पिक्सेल) एकतर पूर्ण दिसतो किंवा पूर्ण गायब होतो, आणि रंग फक्त २५६. १९९६ मध्ये पीएनजी हा प्रकार प्रमाण ठरला. त्यात ठिपका अर्धवट पारदर्शकही असू शकतो, म्हणून रिबिनीचा मऊ काठ मऊच राहतो. किटमधले कागद जेपीईजी आणि रिबिनी-बटणं पीएनजी का असतात, ते यावरून कळावं. कागदाला आरपार दिसायची गरजच नाही. २००१ मध्ये फोटोशॉपचं एलिमेंट्स हे स्वस्त भावंड आलं आणि हौशी लोकांना दार उघडलं. फुकटात काम भागवणाऱ्यांना जिम्प हे मोफत सॉफ्टवेअर नव्वदच्या दशकापासूनच होतं.

छपाईसाठी इंचाला ३०० पिक्सेल हा दंडक. म्हणजे आपलं चौरस पान ३६०० बाय ३६०० पिक्सेलचं, जवळपास १ कोटी ३० लाख ठिपक्यांचं. त्या काळच्या २ मेगापिक्सेल कॅमेऱ्याचा फोटो १६०० बाय १२०० चा. या हिशेबाने तो पानावर सव्वापाच बाय चार इंचांच्या आसपास बसे, कागदी फोटोपेक्षा थोडासाच लहान. जुनी मांडणी नव्या पानावर बिनबोभाट उतरली, त्यात या योगायोगाचा वाटा मोठा असावा असं मला वाटतं. आताच्या मोबाइलचा फोटो अख्खं पान एकटाच व्यापू शकतो, तरी नमुनापानांत छोट्या चौकटी टिकून आहेतच.

आता सावली. पहिले डिजिटल कलाकार स्वतःच्या टेबलावरचे कागद, बटणं, रिबिनी स्कॅन करून वापरत. स्कॅन केलेली वस्तू पानावर नुसती ठेवली की स्टिकरसारखी सपाट दिसते. तिच्या खालच्या बाजूला एक धूसर काळी छटा सरकवली की वस्तू उचलून येते. पातळ कागदाला केसभर सावली, बटणाला जास्त, फुलाला त्याहून जास्त आणि पसरट. आणि उजेड एकाच बाजूने. फोटोची सावली उजवीकडे आणि त्यावरच्या टाचणीची डावीकडे पडली, की बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण पान खटकतं. नवशिक्याने दहा नवे ब्रश गोळा करण्याआधी एवढं एक हातात बसवावं.

‘फक्त वैयक्तिक वापरासाठी’ ही किटवरची पाटीही माध्यम बदलल्याची खूण आहे. कागदाचा ताव एकदा वापरला की संपतो, फाइल कितीदाही वापरता येते. म्हणून तयार पान विकायचं असेल तर वेगळा परवाना लागतो.

पुढे २०१३ मध्ये तयार नमुन्यांवर पानं बनवून देणारं कॅनव्हा हे ऑनलाइन साधन आलं, मोबाइलवर अ‍ॅपं आली, बोटाने फोटो ओढून तयार चौकटीत टाकणं हे मिनिटाचं काम झालं. सोय वाढली, पण पानावर लिहायचं राहून गेलं. जुन्या वहीत फोटोशेजारी कोण, कुठे, केव्हा हे लिहिण्याची रीत पक्की होती. फिल्मच्या रोलवर छत्तीसच फोटो, त्यातलेही काही बिघडलेले, म्हणून निवड आपोआप होई. आता एका दुपारचे दोनशे फोटो समोर असतात आणि खरा वेळ निवडण्यात जातो.

आम्लाची भीती गेली, पण जपणुकीची चिंता वेगळ्या रूपात शिल्लक आहे. सगळे लेयर एकत्र करून जेपीईजी केलं की पान दगडासारखं घट्ट होतं, आतलं काही हलत नाही. लेयर असलेली मूळ फाइल वेगळी ठेवावी लागते. माझ्या पहिल्या पानावर तारीख चुकली होती आणि मूळ फाइल मी ठेवलीच नव्हती. शेवटी फाटक्या काठाच्या कागदाचा एक तुकडा घेतला, चुकलेल्या तारखेवर ठेवला, त्यावर बरोबर तारीख लिहिली आणि खाली केसभर सावली दिली.