वाइनमार्ग

वाइनमार्ग : द्राक्षांपासून वाइन तयार करणाऱ्या प्रदेशातील मळे, वाइनरी, तळघरे आणि व्यापाराची गावे यांना जोडणारा, खुणेच्या पाट्या लावून आखलेला रस्ता. त्या रस्त्याने काही दिवस मुक्काम करीत, जागोजागी वाइन चाखत केलेल्या प्रवासालाही व्यवहारात हीच संज्ञा लावतात. प्रस्तुत नोंदीत दोन्ही अर्थ घेतले आहेत. मात्र उगमाचा विचार करताना त्यांत फरक करणे आवश्यक आहे, कारण चाखत हिंडणारा प्रवासी जुना आहे, पाटी लावलेला रस्ता मात्र विसाव्या शतकातला आहे.

वाइन-पर्यटनाची सर्वाधिक उद्धृत होणारी व्याख्या न्यूझीलंडमधील भूगोलतज्ज्ञ सी. मायकेल हॉल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकात केली. वाइन चाखणे किंवा वाइन-प्रदेशाची वैशिष्ट्ये अनुभवणे हा ज्या भेटीमागचा मुख्य हेतू असतो, ती भेट त्यांनी या संज्ञेत धरली. इटलीचा 1999 चा 268 क्रमांकाचा कायदा रस्त्यापासून सुरुवात करतो : पाट्यांनी दर्शविलेला, निसर्ग व संस्कृतीच्या दृष्टीने मोलाचा, ज्यावर मळे आणि लोकांसाठी खुली तळघरे आहेत असा मार्ग. पहिल्या व्याख्येत प्रवाशाच्या मनातला हेतू निर्णायक ठरतो, दुसरीत जमिनीवरची व्यवस्था. इतिहास लिहिताना दुसरी अधिक उपयोगी पडते, कारण हेतूची नोंद क्वचितच शिल्लक राहते.

पूर्वपीठिका : वाइनसाठी मळ्यापर्यंत जाणारे लोक सतराव्या शतकापासून स्पष्ट दिसतात. इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉक याने मे 1677 मध्ये बोर्दोजवळचा ओ-ब्रियाँ येथील मळा पाहिला आणि तिथल्या रेताड, खडेमिश्रित, इतर पिकांना निरुपयोगी वाटणाऱ्या जमिनीची नोंद केली. टॉमस जेफर्सन याचा 1787 चा प्रवास याहून तपशीलवार आहे. अमेरिकेचा फ्रान्समधील राजदूत असताना तो फेब्रुवारीअखेर पॅरिसहून निघाला आणि जूनमध्ये परतला. दुखावलेल्या मनगटासाठी दक्षिण फ्रान्समधील एक्स या गावच्या औषधी पाण्याचे स्नान घ्यायचे, हे सांगायचे कारण होते. वाटेत त्याने बरगंडी, ऱ्होन खोरे व बोर्दो येथील जमीन, लागवड, मजुरी आणि भाव टिपून घेतले. बोर्दोतील उत्तम मळे म्हणून त्याने मार्गो, लातूर, ओ-ब्रियाँ आणि लाफीत ही चार नावे लिहिली. पुढे बोर्दोच्या वाइनच्या 1855 च्या अधिकृत वर्गवारीत पहिल्या श्रेणीत हीच चार नावे आली. याचा अर्थ जेफर्सनची जीभ असामान्य होती असा घेण्याची गरज नाही. बोर्दोच्या दलालांत भावांनुसार ठरलेली उतरंड त्या काळी रूढच होती आणि त्याने ती विचारून घेतली असावी. 1788 च्या वसंतात तो ऱ्हाइनकाठच्या मळ्यांतही गेला.

ऱ्हाइन नदीवर कोलोन ते माइन्स अशी बाष्पनौकांची नियमित वाहतूक 1827 मध्ये सुरू झाली आणि नदीकाठच्या वाइनगावांत प्रवाशांचा ओघ वाढला. काही लेखक वाइनमार्गाचा उगम इथपर्यंत मागे नेतात. परंतु या प्रवाशांचे आकर्षण किल्ले, कडे आणि नदी हे होते. वाइन सोबतीला असे, प्रवासाचे कारण ती नव्हती.

पहिला मार्ग कोणता : या प्रश्नावर दोन दावे प्रमुख आहेत. जर्मनीतील पॅलॅटिनेट प्रदेशातील ‘जर्मन वाइनमार्ग’ 19 ऑक्टोबर 1935 रोजी जाहीर झाला. उत्तरेकडील बोकेनहाइमपासून फ्रान्सच्या सीमेवरील श्वाइगेनपर्यंत त्याची लांबी सुमारे 85 किमी. आहे. फ्रान्समध्ये बरगंडीतील दीझों ते साँतने हा सुमारे 60 किमी.चा ‘श्रेष्ठ मळ्यांचा मार्ग’ साधारणतः 1937 चा मानतात. काही ठिकाणी त्याचा आरंभ याहून आधीचाही सांगितला जातो. रस्ता मुळात जुनाच होता आणि त्यावरची गावेही मध्ययुगापासूनची, त्यामुळे ‘सुरुवात’ कशाला म्हणायचे यावर बरगंडीची तारीख मागेपुढे होते. ठरलेली सीमा, ठरलेले नाव, पाट्या आणि उद्घाटन या सर्व कसोट्यांवर पॅलॅटिनेटचा दावा अधिक टिकाऊ वाटतो.

त्या दाव्यामागची परिस्थिती मात्र उत्सवी वर्णनांत पुसट होते. 1934 आणि 1935 या दोन्ही वर्षी पीक भरघोस आले आणि भाव कोसळले. पॅलॅटिनेटच्या वाइन व्यापाराचा मोठा भाग ज्यू व्यापाऱ्यांच्या हाती होता. नाझी राजवटीने त्यांना बहिष्कार व निर्बंधांनी बाजारातून हुसकावले, आणि मळेवाल्यांचा माल उचलणारी जुनी साखळीच तुटली. रस्त्याचे उद्घाटन करणारा योझेफ ब्यूर्केल हा त्या प्रांताचा नाझी पक्षप्रमुख (गाउलायटर) होता. ग्राहकालाच मळ्यापर्यंत आणून माल खपवणे, हा या योजनेचा गाभा होता. श्वाइगेन येथे आधी लाकडी कमान उभारली होती. 1936 मध्ये तिच्या जागी सध्याचे दगडी ‘वाइनद्वार’ बांधले गेले. सीमेपलीकडच्या फ्रान्सकडे तोंड करून उभ्या असलेल्या या भव्य वास्तूचा राजकीय हेतूही लपत नाही. या मार्गाचा इतिहास सांगताना हुसकावलेल्या व्यापाऱ्यांचा उल्लेख वगळणे अपुरेच नव्हे, तर दिशाभूल करणारे आहे.

फ्रान्समध्ये राजवट वेगळी होती, पण अडचण त्याच जातीची होती : साठलेली वाइन आणि पडलेले भाव. 30 जुलै 1935 च्या कायद्याने तिथे प्रदेशनामांच्या नियंत्रणाची, म्हणजे कोणत्या वाइनला कोणत्या प्रदेशाचे नाव लावता येईल हे ठरवणारी, व्यवस्था उभी राहिली. त्याआधी नोव्हेंबर 1934 मध्ये नुई-साँ-जॉर्ज येथे ‘तास्तव्हँ’ मंडळाची स्थापना झाली. न खपणाऱ्या वाइनसाठी मित्रांना जेवायला बोलवावे, ही संस्थापक जॉर्ज फेव्हले आणि कामीय रोदिए यांची कल्पना होती. तास्तव्हँ म्हणजे चाखण्याची चांदीची उथळ वाटी. तिच्या एका बाजूस गोल खळगे आणि दुसऱ्या बाजूस तिरक्या पन्हाळ्या ठोकलेल्या असतात, म्हणजे तळघरातल्या मेणबत्तीच्या मिणमिणत्या उजेडातही वाइनचा रंग आणि गढूळपणा दिसावा. वास घेण्यासाठी ही वाटी जवळजवळ निरुपयोगी आहे; म्हणून चाखणीतून ती गेली आणि मंडळाच्या सभासदांच्या गळ्यातील मानचिन्ह म्हणून उरली.

प्रसार : दुसऱ्या महायुद्धानंतर आल्सासचा मार्ग 1953 मध्ये सुरू झाला (मार्लेनहाइम ते थान, सुमारे 170 किमी.). दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश मार्ग 1971 चा. फ्रान्स मालान, स्पॅट्झ स्पर्लिंग आणि नील जूबेर या तीन मळेवाल्यांनी तो उभारला आणि त्यामागे मालान यांनी बरगंडीत पाहिलेला मार्ग होता. हंगेरीत साम्यवादी राजवट गेल्यावर 1994 मध्ये व्हिलान्य-शिक्लोश हा त्या देशातील पहिला मार्ग आखला गेला. इटलीत 1993 पासून मे महिन्याच्या शेवटच्या शनिवार-रविवारी एरवी बंद असणारी तळघरेही लोकांना उघडी करतात. 2009 मध्ये ‘इटर व्हिटिस’ या नावाने द्राक्षवेलीचा मार्ग युरोप परिषदेच्या सांस्कृतिक मार्गांत दाखल झाला. 2015 मध्ये बरगंडीतील 1,247 नामांकित शेततुकड्यांचा प्रदेश यूनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

यात्रेचा काळ : उत्तर गोलार्धात सप्टेंबर-ऑक्टोबर आणि दक्षिण गोलार्धात साधारण फेब्रुवारी ते एप्रिल हा खुडणीचा हंगाम. देखावा त्या वेळी सर्वांत सुंदर असतो, पण वाइन करणारा माणूस भेटण्याची शक्यता तेव्हाच सर्वांत कमी. अनेक दिवसांच्या चाखणीचा सर्वांत ठाशीव नमुना बरगंडीत नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या अखेरीस दिसतो. शनिवारी तास्तव्हँ मंडळाचे क्लो द व्हूजो येथील जुन्या वाड्यातले भोजन, रविवारी बोन शहरातील धर्मार्थ रुग्णालयाचा पिंपांचा लिलाव (1859 पासून) आणि सोमवारी मर्सो या गावातील भोजन, ज्यात ज्याने त्याने आपली बाटली आणायची. या तिन्हींना मिळून ‘तीन गौरवाचे दिवस’ म्हणतात.

चाखणीचे तंत्र : यात्रेची आखणी रस्त्यापेक्षा जिभेवर अधिक अवलंबून असते आणि प्रवासवर्णने नेमकी इथेच गप्प असतात. एका तळघरात साधारण 30 मिलि.चे आठ नमुने आणि दिवसात तीन तळघरे धरली, तर बेरीज 720 मिलि. होते, म्हणजे जवळजवळ एक पूर्ण बाटली. 13 टक्के मद्यार्काच्या हिशेबाने त्यात सुमारे 74 ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. फ्रान्स व जर्मनीत वाहनचालकाच्या रक्तातील मद्यार्काची मर्यादा लिटरला 0.5 ग्रॅम आहे. म्हणून व्यावसायिक चाखणारे घोट तोंडात खेळवून पिकदाणीत थुंकतात. यात यजमानाचा अपमान नसतो. उलट समोरचा माणूस गांभीर्याने चाखतो आहे, अशी ती खूण समजली जाते. थुंकले तरी थोडी वाइन पोटात जातेच. गाडी चालवणाऱ्याने मुळीच न चाखणे हाच खात्रीचा उपाय आहे.

तांबड्या वाइनमधील टॅनिन (द्राक्षाच्या साली व बियांतून येणारी तुरट द्रव्ये) लाळेतील प्रोलीनसमृद्ध प्रथिनांशी संयोग पावतात आणि त्यांचा साका बनतो. लाळेचा बुळबुळीतपणा घटतो आणि तोंडाला कोरडा, खरखरीत तुरटपणा येतो. पाठोपाठ घोट घेतल्यास तो साठत जातो. दहाव्या ग्लासातली वाइन तुरट वाटते त्यात आधीच्या नऊ ग्लासांचाही वाटा असतो. नाकाचेही तसेच आहे. तोच वास सतत घेतला की घ्राणेंद्रिय त्याला सरावते. म्हणून सकाळची भेट सर्वांत महत्त्वाच्या तळघरासाठी राखावी, हा जाणत्यांचा सल्ला शरीरशास्त्राला धरून आहे.

क्रमाचा सर्वमान्य नियम पांढरीनंतर तांबडी, कोरडीनंतर गोड, हलकीनंतर भारी असा आहे. बरगंडीत मात्र पुष्कळ उत्पादक आधी तांबडी आणि नंतर पांढरी देतात. तिथली तांबडी वाइन पीनो न्वार द्राक्षाची, तुलनेने कमी टॅनिनची असते आणि पांढरीच्या आंबटपणाने तोंड पुन्हा ताजे होते, असे त्याचे समर्थन करतात. त्या द्राक्षापुरते ते पटण्याजोगे आहे. बोर्दोसारख्या टॅनिनयुक्त वाइनला हाच क्रम लावणे धाडसाचे ठरेल.

पिंपातून चाखणी देताना तळघराचा मालक काचेची लांब नळी पिंपाच्या वरच्या भोकातून आत सोडतो, वरचे टोक अंगठ्याने दाबून धरतो आणि अंगठा सैल करत ग्लासात वाइन सोडतो. बरगंडीत ग्लासात उरलेली वाइन बहुधा परत पिंपातच ओततात. म्हणून ग्लासात पाणी राहू देणे किंवा दोन पिंपांतली वाइन मिसळणे हा तिथे गंभीर प्रमाद. हिवाळ्यात चाखलेली नवी वाइन अनेकदा मॅलिक आम्लाचे लॅक्टिक आम्लात रूपांतर होण्यापूर्वीची असते. ती बोचरी लागते, पण तेवढ्यावरून तिच्या भवितव्याचा निवाडा करता येत नाही.

ग्लासासाठी 1977 चे आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ 3591) आहे : तोंडाशी निमुळता, सुमारे 215 मिलि. क्षमतेचा पेला आणि त्यात 50 मिलि. नमुना. खाण्याबाबत ‘घ्यायची तर सफरचंदाबरोबर, विकायची तर चीजबरोबर’ असा व्यापाऱ्यांतला जुना संकेत आहे. 2006 मध्ये कॅलिफोर्नियातील डेव्हिस विद्यापीठाच्या अभ्यासात चीजमुळे तांबड्या वाइनचा तुरटपणा, लाकडाचा आणि फळांचा गंध मंद झाल्याचे आढळले. संकेतातला चीजचा भाग त्याने खरा ठरतो. परिसराचा प्रभाव याहून सूक्ष्म असतो. 2001 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोर्दोतील प्रयोगात पांढऱ्या वाइनला गंधहीन तांबडा रंग दिला, तेव्हा वाइनशास्त्राच्या 54 विद्यार्थ्यांनी तिच्या गंधाचे वर्णन तांबड्या वाइनच्या शब्दांत केले. केवळ रंगाने एवढा फरक पडत असेल, तर थंड तळघर, जुनी पिंपे आणि यजमानाचा जिव्हाळा यांचा परिणाम गृहीत धरलाच पाहिजे. तळघरात आवडलेली वाइन घरी फिकी लागते, त्यात बाटलीचा किंवा वाहतुकीचा दोष असेलच असे नाही.

नियमन : मार्गांचा कारभार बहुधा सभासद-मंडळांकडे असतो आणि शुल्क, वेळा व पाट्या ती ठरवतात. पर्यटकांच्या वाढत्या संख्येविरुद्ध सर्वांत स्पष्ट भूमिका कॅलिफोर्नियातील नापा परगण्याने घेतली. तिथे 1968 मध्येच शेतजमीन राखीव केली होती. 1990 च्या अध्यादेशाने वाइनरी म्हणजे काय हे ठरवले आणि नव्या वाइनरींना आगाऊ वेळ ठरवून येणाऱ्यांनाच चाखणी देण्याची अट घातली. नव्या उत्पादनात किमान 75 टक्के द्राक्षे परगण्यातलीच असावीत, हीही अट त्यातच आहे. लोकांना थेट प्रवेश देण्याचा परवाना ज्या वाइनरींकडे आधीपासून होता, त्यांचा तो कायम राहिला. त्यामुळे एकाच रस्त्यावर शेजारी शेजारी काही दारे येईल त्याला उघडी आहेत, तर काही वेळ घेतल्याशिवाय उघडत नाहीत.