सीमेवर अडते ती गाडी

मोटारसायकलवर एकट्याने देशाबाहेर निघायचं म्हटलं की बोलणं आधी व्हिसावर येतं. जमिनीच्या सीमेवर मात्र टेबलं दोन असतात. इमिग्रेशनला माणसाचे कागद दाखवायचे आणि कस्टम्सला गाडीचे. पहिलं काम बहुधा लवकर उरकतं, दिवस मोडतो तो दुसऱ्या टेबलापाशी. असं का होतं हे कळायला कार्नेट नावाचा कागद समजून घ्यावा लागतो.

कार्नेटला सगळे ‘गाडीचा पासपोर्ट’ म्हणतात. माझ्या मते गैरसमजाचं मूळ या नावातच आहे. पासपोर्ट माणसाची ओळख पटवतो. कार्नेटवर गाडीचा चासी आणि इंजिन नंबर असतो खरा, पण त्याचं मुख्य काम पैशाची हमी देणं हे आहे. परक्या नंबरप्लेटची गाडी आत आली की कस्टम्सच्या लेखी तो आयात झालेला माल असतो आणि मालावर शुल्क लागतं. प्रवासी ती गाडी परत नेणार असतो म्हणून तिची नोंद ‘तात्पुरती आयात’ अशी होते. यात शुल्क माफ झालं असं अनेकजण धरून चालतात. प्रत्यक्षात ते फक्त थांबवून ठेवलेलं असतं. गाडी मुदतीत बाहेर गेल्याची नोंद झाली नाही, तर ती तिथेच विकली असं मानून शुल्काची मागणी कार्नेट देणाऱ्या मोटार संघटनेकडे येते. ती संघटना मग मालकाने ठेवलेल्या बँक हमीला हात घालते. गाडी विकली नसेल, अपघातात मोडली असेल किंवा चोरीला गेली असेल, तरी ते सिद्ध करायची जबाबदारी मालकावरच पडते.

कार्नेटच्या पुस्तकाचं पान पाहिलं की ही रचना डोळ्यांपुढे येते. पानावर एकाखाली एक तीन पट्ट्या असतात. देशात शिरताना खालची पट्टी कस्टम्सवाले शिक्का मारून फाडून घेतात आणि बाहेर पडताना मधली. वरची पट्टी पुस्तकातच राहते आणि तिच्यावर दोन्ही वेळचे शिक्के हवेत. जाणते प्रवासी पाठीमागे ट्रकांची रांग लागली असली तरी पट्टीवरची तारीख आणि सही वाचल्याशिवाय गाडीला किक मारत नाहीत. बाहेर पडतानाचा एक शिक्का राहिला तर हमी अडकून पडते.

ही पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपात रुजली. मोटार बाळगणारे तेव्हा थोडे आणि सधन होते. दर सीमेवर रोख अनामत भरण्यापेक्षा आपल्या क्लबाने हमी घ्यावी ही त्यांची सोय होती. मुंबईहून १९२३ मध्ये काही पारशी तरुण सायकलवर जगप्रदक्षिणेला निघाले आणि त्यांच्यातले तिघे १९२८ मध्ये ती पुरी करून परतले, तो याच सुमाराचा काळ. पुढे १९४९ च्या जिनिव्हा कराराने वाहन चालवण्याच्या आंतरराष्ट्रीय परवान्याला आधार दिला आणि १९५४ च्या न्यूयॉर्क कराराने खासगी वाहनांच्या तात्पुरत्या आयातीला. भारत दोन्ही करारांत आहे. जिनिव्हा करारातला परवाना एक वर्ष चालतो आणि कार्नेटही साधारण तितकंच. त्यामुळे लांबचा प्रवास वर्षाच्या आत बसवण्याची घाई पहिल्या दिवसापासून मागे लागते.

साठ-सत्तरच्या दशकांत इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, अमृतसर असा रस्ता गोऱ्या प्रवाशांनी गजबजलेला होता. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि तो रस्ता तुटला. भारतीय नंबरच्या गाडीला पश्चिमेचं दार त्याआधीही सहज उघडत नव्हतं.

म्हणून मला पूर्वेकडची एक तारीख फार मोलाची वाटते : ८ ऑगस्ट २०१८. त्या दिवशी मणिपुरातलं मोरे आणि म्यानमारमधलं तामू यांच्यामधली सीमा पासपोर्ट आणि व्हिसा असणाऱ्यांसाठी रीतसर खुली झाली. तोवर पलीकडे जायला खास परवानगी लागायची. या बदलाने गाडीचा प्रश्न पूर्ण सुटला नाही. परक्या वाहनासाठी म्यानमारमध्ये स्थानिक एजन्सी आणि सोबत गाइड लागतच होता, त्यामुळे ‘एकट्याने’ हा शब्द तिथे अर्धाच खरा होता. सीमेवरच्या पुलापलीकडे गेलं की रस्त्याची उजवी बाजू धरायची आणि थायलंडात शिरताना पुन्हा डावी. तरीही इंफाळहून निघून चाकांवरच थायलंडातलं मे सोत गाठता येणं ही आपल्याकडच्या मोटारसायकलवाल्यांसाठी केवढी मोठी गोष्ट होती! तिची म्हणावी तशी दखल घेतली गेली नाही. मोरे ते मे सोत हा सुमारे १,३६० किलोमीटरचा त्रिदेशीय महामार्ग पुरा व्हायच्या आतच २०२० मध्ये कोविडच्या साथीने सीमा बंद केल्या आणि १ फेब्रुवारी २०२१ ला म्यानमारमध्ये लष्कराने सत्ता घेतली. फेब्रुवारी २०२४ मध्ये भारताने या सीमेवरच्या रहिवाशांची मुक्त ये-जाही थांबवण्याचं जाहीर केलं.

नेपाळचा मामला वेगळा आहे. नेपाळ सीमेवरच्या सुनौलीला भारतीय गाडीसाठी कार्नेट लागत नाही, ‘भन्सार’ भरावं लागतं. नेपाळीत भन्सार म्हणजे कस्टम्स, पण आपले रायडर तिथल्या रोजच्या शुल्काच्या पावतीलाच भन्सार म्हणतात. दिवस आधी मोजून पैसे भरायचे आणि मुदत उलटली की दंड. मात्र काठमांडूहून तिबेटमार्गे पुढे जायचं तर चीनमध्ये पुन्हा गाइड आणि आधी घेतलेल्या परवानग्या आल्याच. २०१५ च्या भूकंपाने नेपाळ-चीन सीमेवरच्या तातोपानीचा रस्ता बंद पडला होता. त्यानंतर त्याच सीमेवरचा मुख्य मार्ग झालेल्या रसुवागढीचा पूल जुलै २०२५ च्या पुरात वाहून गेला.

त्यामुळे अनेकांची पहिली सीमा आता न्हावा शेवा बंदरात लागते. टाकीतलं पेट्रोल काढायचं, बॅटरीची वायर सोडवायची आणि गाडी लाकडी पेटीत बांधून कंटेनरमधून पाठवायची. युरोपीय संघातले देश कार्नेट मागत नाहीत, पण इराणमधून तिकडे जायचं असेल तर ते घ्यावंच लागतं. हमीची रक्कम गाडीच्या किमतीवर आणि कुठल्या देशांतून जायचं त्यावर ठरते, आणि नोकरदार मुलासाठी ती बहुतेक वेळा घरच्या मुदतठेवीतून उभी राहते. प्रवास संपवून माणूस घरी आला तरी ती ठेव लगेच मोकळी होत नाही. गाडी भारतात परत आल्याचा कस्टम्सचा शिक्का घ्यायचा, कार्नेटचं पुस्तक संघटनेकडे जमा करायचं आणि तिथे प्रत्येक पट्टी तपासून होईपर्यंत थांबायचं.