पुलाच्या नावातला ‘आदिवासी’

नागपुरात वादातल्या स्मारकांचा विषय निघाला की पहिलं बोट झिरो माइलकडे जातं. चार घोडे, दगडी खांब, शेजारी १९०७ सालचा उंचीची नोंद असलेला दगड. तो देशाचा मध्यबिंदू की इंग्रजांच्या सर्वेक्षणाची नुसती खूण, यावर चहा संपेपर्यंत भांडता येतं, आणि त्यात कुणाचं काही जात नाही. अवघड प्रकरण तिथून हाकेच्या अंतरावर आहे. गाई राखणाऱ्या गोवारी समाजाचं स्मारक आणि त्याच नावाचा उड्डाणपूल.

पुलाला रोजच्या बोलण्यात सगळे बर्डीचा पूल म्हणतात. पूर्ण नाव आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल. यातल्या गोवारी या शब्दावर वाद नाही. पहिल्या आणि तिसऱ्या शब्दावर आहे.

२३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होतं आणि अनुसूचित जमातीत घ्या म्हणून आलेला गोवाऱ्यांचा मोर्चा मॉरिस कॉलेज टी-पॉइंटजवळ अडवलेला. दिवसभर बसलेल्या त्या गर्दीवर लाठ्या चालल्या, पळापळ झाली आणि ११४ जण गेले. बहुतेक बायका आणि पोरं. चेंगराचेंगरी म्हटलं की दोष गर्दीच्या माथी जातो, शहीद म्हटलं की समोरच्याकडे बोट जातं. समाजाने दुसरा शब्द धरला आणि पुलाच्या नावातही तोच आला. पुढे संबंधित खात्याच्या मंत्र्यांनी राजीनामा दिला, राज्यात सत्ता बदलली, आणि १९९५ च्या जूनमध्ये विशेष मागास प्रवर्गाच्या दोन टक्के आरक्षणात इतर जातींबरोबर गोवारींनाही बसवलं. मागणी मात्र अनुसूचित जमातीची होती. ती तशीच राहिली.

हे दुखणं मोर्चाच्या आधीचं आहे. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. ही एक जमात, की गोवारींनाच यादीत दिलेलं नाव? जुन्या इंग्रजी नोंदींत गोंड-गोवारी म्हणजे गोंड आणि गोवारी यांच्या संबंधांतून झालेला गट, असं लिहिलेलं सापडतं. गाई राखणारा, दिवाळीला ढाल पुजणारा, गायगोधनाला गावभर नाचणारा पूर्व विदर्भातला गोवारी स्वतःला याच नोंदीत पाहत आला. २४ एप्रिल १९८५ च्या शासन निर्णयाने गोवारी म्हणजे गोंड गोवारी नव्हेत, असं ठरवलं. माझ्या मते पुलाची गोष्ट या कागदापासून सुरू होते, १९९४ पासून नाही. घराघरांत नऊ वर्षं साचलेलं त्या संध्याकाळी रस्त्यावर आलं होतं.

१४ ऑगस्ट २०१८ रोजी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने वेगळंच सांगितलं. गोंड गोवारी नावाची स्वतंत्र जमात १९११ च्या आधीच नामशेष झाली होती, तेव्हा यादीतला शब्द गोवारींसाठीच आहे, असा तो निकाल. मोर्चानंतर चोवीस वर्षांनी पुलाचं नाव कायद्यातही खरं ठरलं. पण सव्वादोन वर्षंच. १८ डिसेंबर २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल रद्द केला. यादीतली नोंद आहे तशीच वाचायची, न्यायालयाने तिच्यात दुसरी जात घालायची नाही, आणि गोंड गोवारी नामशेष झाले होते हेही मान्य नाही.

म्हणजे राज्य सरकार न्यायालयात ज्यांना आदिवासी मानायला तयार नव्हतं, त्यांच्याच नावापुढे तो शब्द लावलेला पूल उपराजधानीचा मान असलेल्या शहराच्या मधोमध उभा आहे. नाव बदलायला गेलं तर मेलेल्यांचा अपमान, ठेवलं तर मागणीची कबुली. या नावाला हात कोण लावणार? दर २३ नोव्हेंबरला गावाकडून गाड्या येतात, स्मारकापाशी फुलं पडतात. २०२४ च्या फेब्रुवारीत गोवारी पुन्हा याच भागात रस्त्यावर बसले आणि शहराची वाहतूक ठप्प झाली. त्या दिवशी पुलावर अडकलेल्यांपैकी कितींना पुलाचं पूर्ण नाव ठाऊक असेल, कोण जाणे.

मधल्या सव्वादोन वर्षांत ज्यांना जमातीच्या दाखल्यावर प्रवेश किंवा नोकरी मिळाली, त्यांचं ते काढून घेऊ नये, पुढचे लाभ मात्र देऊ नयेत, असं त्याच निकालात आहे. त्यामुळे एकाच घरात २०१९ ला लागलेला थोरला जमातीच्या जागेवर, आणि २०२१ ला अर्ज भरणारा धाकटा विशेष मागासच्या रकान्यात, असं होऊ शकतं.