ठणका म्हणजे हाड जुळणं नव्हे

उन्हाळ्याच्या सुटीत खान्देशातली पोरं निंबा-चिंचेवर चढतात, केळीच्या ट्रॉलीच्या फाळक्याला लोंबकळतात. पडताना हात टेकतो आणि कोपराच्या जरा वर दंडाचं हाड मोडतं. पाच ते आठ वर्षांच्या मुलांत ही मोड फार आढळते, कारण तिथे हाड चपटं आणि पातळ असतं. मग हाडं बसवणाऱ्याकडे नेतात. लेप, बांबूच्या कामट्या आणि वरून करकचून चिंध्या. रात्री पोरगं तळमळतं तेव्हा घरात कोणीतरी म्हणतं, "ठणका लागला, म्हणजे हाड बसतंय." खरं तर त्या वेळी हाताचे स्नायू गुदमरत असतात.

बोटं मिटवणारे स्नायू कोपर ते मनगट या भागात असतात. त्यांच्याभोवती पांढरं, चिवट आवरण असतं, गच्च शिवलेल्या बारदानासारखं. ते ताणत नाही. मोडीमुळे आत सूज येते आणि बाहेरून कामट्या आवळतात. मग आवरणाच्या आतला दाब वाढतो. मुलाच्या हातात एरवी हा दाब पाऱ्याच्या 10-15 मिलिमीटरइतका असतो. तो वाढला की आधी पातळ भिंतींच्या शिरा चेपतात. रक्त आत येत राहतं, पण परत जायला वाट नसते. केशवाहिन्यांतून पाणी झिरपतं, सूज वाढते, दाब आणखी चढतो. मुलाचा खालचा रक्तदाब साधारण 60 धरला, तर तो आणि आतला दाब यांतला फरक 30 पेक्षा कमी झाला, म्हणजे आतला दाब 30 च्या वर गेला, की धोका सुरू. वरचा रक्तदाब मात्र 100 च्या आसपास असतो, म्हणून मोठी धमनी वाहत राहते आणि मनगटाची नाडी लागते. "नाडी आहे, काळजी नको" हा दिलासा त्यामुळेच फसवा. चार ते सहा तासांत स्नायू मरू लागतात, आठ तासांनंतर नुकसान बहुधा भरून येत नाही. जर्मन शल्यचिकित्सक रिचर्ड फॉन फोल्कमान यांनी 1881 साली लिहून ठेवलं की आवळपट्टीनंतर स्नायू मरून हात आखडतो. दवाखान्यातल्या घट्ट प्लास्टरखालीही हेच घडू शकतं.

सगळ्यात आधी मरतात ते हाडालगतचे, बोटांची शेवटची पेरं वळवणारे स्नायू. त्यांच्या जागी दोरखंडासारखा व्रण तयार होतो. पुढची आठ-दहा वर्षं हाडं वाढतात, व्रण वाढत नाही, म्हणून हात वर्षागणिक जास्त आखडतो. मनगट वाकवलं तर बोटं उघडतात, मनगट सरळ केलं की मिटतात. कपाशीच्या बोंडातला कापूस चिमटीत धरून ओढायला मनगट सरळ आणि बोटं मोकळी लागतात. वेचणीची मजुरी किलोवर मिळते, आणि हा हात दिवसभरात फारच कमी वेचतो. गाय पिळणं, निंदणीचं खुरपं धरणं हेही अवघड. घरचं माणूस असून मजूर लावावा लागतो.

हाडं बसवणाऱ्यांना यश येतं याचं कारण वेगळं आहे. लहान मुलाचं हाड तीन-चार आठवड्यांत आपोआप जुळतं, वाकडं का होईना. श्रेय मात्र लेपाला जातं.

घरी तपासायची खूण एकच लक्षात ठेवा: मुलाची बोटं हळूच सरळ करून पाहा. त्याने मूल किंचाळलं, वेदनेची गोळी देऊनही रडं वाढतच गेलं किंवा बोटं बधिर झाली, तर थांबू नये. कामट्या, चिंध्या, आतला कापूससुद्धा कातडीपर्यंत कापून पूर्ण मोकळं करावं. प्लास्टर असेल तर ते जिथे घातलं तिथे लगेच न्यावं. कोपर आहे तसंच, थोडंसं वाकलेलं ठेवावं. जास्त दुमडलं की धमनी चेपते. हात छातीच्या पातळीवर असावा, उंच टांगला तर आधीच कमी पडणारं रक्त आणखी कमी पोहोचतं. तेल, चोळणं, शेक काहीच नको. 108 ची रुग्णवाहिका बोलवावी आणि अस्थिरोग शस्त्रक्रिया होते अशाच ठिकाणी, जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, थेट न्यावं. भूल द्यावी लागेल, म्हणून वाटेत चहा-बिस्किटही देऊ नये, आणि पडल्याची व पट्टी बांधल्याची वेळ कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावी.